काट्यावर मी बसलो होतो

“सही कुणाची हाय?”

मालकांनी आवाजसुद्धा चढवला नव्हता. पावती माझ्यापुढं धरली आणि एवढंच विचारलं. सही माझीच होती. शाळेत करायचो तशी, आडनावाखाली रेघ ओढून केलेली. त्या सहीचे चार हजार रुपये कापले. पहिलाच पगार, पंधरा हजारांचा, आणि त्यातून दोन पोती साखरेचे चार हजार. ती पोती मी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ती गाडीत चढलीच नव्हती, आणि हे मला सही करतानाच ठाऊक होतं. फसवलं गेलो असतो तर एव्हाना विसरलो असतो. इथं मी बरोबर होतो, आणि बरोबर असूनही सही केली. दोन वर्षं होत आली तरी हे डोक्यातून जात नाही.

आमचं गाव जत तालुक्यात. तिथं पोरं ड्रायव्हर का होतात हे सांगायची गरज नाही. सहा वर्षं मी दुधाचा पिकअप चालवला, मग ते काम सुटलं. ट्रकचं लायसन काढलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर मैदानात चार चकरा मारल्या आणि झालो ट्रकड्रायव्हर. घरी हिचा विरोध होता. २०२४ च्या जानेवारीत नव्या कायद्यातल्या हिट-अँड-रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, पंपांवर रांगा लागल्या होत्या. ते सगळं टीव्हीवर बघून हिनं “दुसरं कायबी करा” म्हणून सांगितलं होतं. दुसरं काही मिळालं नाही. जूनमध्ये बाराचाकीवर चढलो.

पिकअप चालवणाऱ्याला वाटतं, गाडी म्हणजे गाडी. पहिल्या दिवशीच कळलं, तसं नसतं. पिकअप वळवायच्या सवयीनं बाराचाकी वळवली की मागची चाकं सरळ कुणाच्या तरी कट्ट्यावर. सकाळी इंजिन चालू करून हवेचा काटा वर चढेपर्यंत थांबायचं, कारण हवा नाही तर ब्रेक नाही. मग टामी घेऊन बारा टायर ठोकत फिरायचं, आवाज बद्द आला की हवा कमी. हे सगळं मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत. गाडीवरचे जुने ड्रायव्हर, पन्नाशीचे, सगळा अड्डा त्यांना मामा म्हणायचा. पहिल्या तीन खेपा मी त्यांच्या हाताखाली करायच्या असं ठरलं होतं.

पहिली खेप साखरेची. आमच्याच जिल्ह्यातल्या एका कारखान्यातून भिवंडीच्या गोदामाला पाचशे पोती. पन्नास किलोचं एक, म्हणजे पंचवीस टन. २८ जूनला सकाळी गेटवर पोचलो तर पुढं साठ-सत्तर गाड्या. मला वाटलं काही भांडण-बिंडण झालं असेल. मामा म्हणाले, “महिनाखेर हाय, कोटा संपवायचाय.” प्रत्येक कारखान्यानं महिन्याला किती साखर विकायची ते केंद्र सरकार ठरवून देतं. ती त्या महिन्यातच बाहेर पडावी लागते, म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांची धांदल. दिल्लीत कुणीतरी कागदावर आकडा लिहितो आणि इकडं गेटवर ड्रायव्हर दोन रात्री डास मारत बसतो. सत्तर गाड्यांना एक नळ. संडास आतल्या बाजूला, कामगारांसाठी. आम्ही उसाच्या रानात. यावर जास्त लिहीत नाही. वाचणाऱ्याला वाटेल रडगाणं आहे, आणि रडगाणं मला दुसरंच गायचं आहे.

२९ तारखेला संध्याकाळी नंबर लागला. मामांनी रिकामी गाडी वजनकाट्यावर नेली. गेटवर माझ्या लायसनची झेरॉक्स द्यायची होती, त्यामुळं मी तिकडं गेलो. परत आलो तोवर गाडी गोदामाच्या शेडखाली लागलेली. मामा म्हणाले, “मी जरा आडवा हुतो. तू मोज.”

कसं मोजायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खडूचा तुकडा सापडला. मागच्या फाळक्याजवळ उभा राहिलो आणि पोतं चढलं की फाळक्यावर एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. हमाल डोक्यावर पोतं घेऊन फळीवरून पळत यायचे, तोल साधत, एकामागं एक. सहा जण होते. त्यांचा वेग बघत राहावा असा. मी एकदाही नजर काढली नाही.

म्हणजे, काढली. मध्ये हिचा फोन आला, “तिकडं पाऊस हाय का?” म्हणून. मी फोन कानाला धरूनच रेघा मारत होतो. त्या अर्ध्या मिनिटात दोन पोती निसटली असतील का, हा प्रश्न मी स्वतःला शंभर वेळा विचारला आहे. निसटली असती तर भिवंडीत जास्त भरली असती. भरली नाहीत.

नऊच्या सुमारास शेवटचं पोतं चढलं. पाच-पाचच्या नव्याण्णव जुड्या आणि वर तीन. चारशे अठ्ठ्याण्णव. मी पुन्हा मोजल्या. पुन्हा तेवढ्याच.

क्लार्क टेबल मांडून बसलेला. माझ्याच वयाचा असेल. त्याच्या वहीत पाचशे.

“साहेब, चारशे अठ्ठ्याण्णव भरतात.”

“नवीन हाईस?”

“हो.”

“मग तू कशाला मोजत बसलास? मोजायला आम्ही हाय की.”

हमाल हसले. मी रेघा दाखवल्या. त्यानं फाळक्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, “उतरवून मोजायची का? चल, उतरवू. उतरवायची आन परत चढवायची वाराई कोण देणार, तू?” वाराई म्हणजे गाडी भरताना आणि खाली करताना गाडीवाल्याकडून घेतात ते पैसे. ज्याचा माल त्याचा हमाल, अशी घोषणा गाडीवाले वर्षानुवर्षं देत आलेत. पण घोषणेनं पोती उतरत नाहीत. माझ्या खिशात सहाशे रुपये. शेडबाहेर पाऊस धो-धो सुरू झालेला. मागच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. त्याचीही दुसरी रात्र होती.

मी मामांना उठवलं. त्यांनी डोळे चोळले, क्लार्ककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, “कर सही. पाऊस वाढतोय.”

मी मामांना आजही विचारू शकतो की तुम्ही असं का म्हणालात. विचारलं नाही. त्या वेळी मला वाटलं, यांना काहीतरी माहीत असेल. काटा आहेच की, काट्यावर कळेल. दोन पोती म्हणजे शंभर किलो, एवढा फरक काटा दाखवणारच. या भरवशावर मी सही केली, आडनावाखाली रेघ ओढून.

ताडपत्री पावसातच बांधली. दोन ताडपत्र्या, वरून पाणी, खाली साखर. ज्यानं हे केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. बोटांची सालटी निघाली. मग भिजलेले दोघंही केबिनमध्ये चढलो आणि गाडी काट्यावर घेतली. काट्याच्या खोलीवर बोर्ड होता, चालकाने खाली उतरावे. त्या पावसात कोण उतरतंय आणि कोण उतरवतंय! चिठ्ठी आली. निव्वळ पंचवीस टन साठ किलो. मामा म्हणाले, “बघ. बरोबर हाय.” रिकाम्या पोत्याचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पाचशे पोत्यांचे साठ किलो. आकडा चोख होता. मी गप्प बसलो. मनात म्हणालो, आपलंच चुकलं. उगीच त्या क्लार्कला चोर समजलो.

रात्री निघालो. पेठ नाक्याला हायवेला लागलो. कराडनंतर मामांनी स्टेअरिंग माझ्या हाती दिलं. पंचवीस टन पाठीवर घेऊन पहिल्यांदा चालवताना कळतं की गाडी आपण चालवत नाही, वजन आपल्याला चालवतं. ब्रेक दाबला की गाडी ऐकते, पण आधी विचार करते. खंबाटकीचा बोगदा संपला तिथं पुढं एस आकाराचं वळण आणि उतार. त्या वळणावर किती गाड्या आडव्या झाल्या त्याची गणती नाही. मामांनी आधीच गिअर खाली घ्यायला लावला. “गिअरनं उतरायचं. ब्रेक गरम झाला की संपलं,” म्हणाले.

हाच माणूस तासाभरानं कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडं उतरताना न्यूट्रलवर आला. तेव्हा स्टेअरिंगवर तेच होते. मी डॅशबोर्ड धरून बसलो. त्याच उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकनं एकापाठोपाठ कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. बातम्या मी गावाकडं बसून पाहिल्या होत्या. मी म्हणालो, “मामा, गिअर?” ते म्हणाले, “मालक डिझेल मोजून देतो. वाचलं तर आपलं.” यात कुणाचं चुकतं ते सांगायला अधिकारी नको. मालक खेपेचं डिझेल ठरवून देतो, पगार पुरत नाही, ड्रायव्हर उतारावर वाचवतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. काही जण तर इंजिनच बंद करतात, म्हणजे हवा भरणं थांबलं आणि स्टेअरिंगही दगड झालं. एका मेकॅनिकनं मला नंतर सांगितलं की गिअरमध्ये पाय काढून उतरलं तर आत्ताच्या इंजिनात डिझेल जातच नाही, उलट न्यूट्रलवर जातं. मी ते मामांना सांगितलं. मामा म्हणाले, “मेकॅनिकला तीस वर्षांत किती डिझेल वाचवलं ते इचार.” नव्यानं गाडीवर चढणाऱ्या पोरांना मी हात जोडून सांगतो, न्यूट्रल करू नका. सांगतो खरं. पुढचं वाचा.

बोरघाट मामांनीच उतरवला, तिथं मात्र गिअरमध्ये. पनवेल, कळंबोली, तळोजा, शीळ फाटा. मुंब्रा बायपासला पोचेपर्यंत दिवस वर आलेला आणि गाड्या जागच्या जागी उभ्या. ठाण्याच्या हद्दीत मोठ्या गाड्या ठरावीक वेळेतच सोडतात. अडकलो. केबिनमध्ये भट्टी. आता १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे म्हणे. आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. मामा घोरत होते आणि मी, काही काम नाही म्हणून, डोक्यात हिशेब करत बसलो होतो.

आणि तिथं, मुंब्र्याच्या डोंगराखाली, लख्खकन डोक्यात आलं. रिकामी गाडी काट्यावर गेली तेव्हा आत मामा एकटे होते. मी गेटवर झेरॉक्स देत होतो. भरलेली गाडी काट्यावर गेली तेव्हा आत आम्ही दोघं होतो. माझं वजन बहात्तर किलो. रिकामी तोलली तेव्हा ताडपत्र्या कोरड्या होत्या, भरल्यावर चिंब. दोन ताडपत्र्यांनी, दोरखंडानं पंचवीस-तीस किलो पाणी सहज प्यायलं असेल. बहात्तर आणि अठ्ठावीस, शंभर. दोन पोती.

म्हणजे त्या दोन पोत्यांच्या जागी काट्यावर मी बसलो होतो.

मामांना हलवून उठवलं आणि सांगितलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “लई हुशार हाईस. पर हे आता कुणाला सांगू नको. तूच साखर काढून पाणी वतलंस म्हणतील.”

भिवंडीत दापोड्याच्या बाजूला गोदाम. तिथं आणखी एक दिवस रांग. गाडी उलटी लावताना मी तीनदा चुकलो, चौथ्यांदा खांबाला घासली, सुपरवायझरनं आईवरून शिवी दिली. एरवी हेच माझ्या पहिल्या खेपेतलं मोठं दुःख ठरलं असतं. खाली करायला सुरुवात झाली. या वेळी मीही मोजत होतो, सुपरवायझरही. शेवटचं पोतं उतरलं. तो म्हणाला, “फोर नाइन्टी एट.”

मला आनंद झाला! लाज वाटते सांगायला, पण खरं तेच आहे. “बघा, मी म्हणत होतो!” असं मी ओरडलोसुद्धा. माझी मोजणी बरोबर निघाली, मी वेडा नव्हतो. सुपरवायझर माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत होता. त्यानं पावतीवर लिहिलं, २ शॉर्ट. तेवढं लिहून होईपर्यंत माझा आनंद टिकला.

पुढचं सोपं आहे. गोदामवाल्यानं भाड्यातून कापले, मालकांनी माझ्यातून. किलोला चाळीस रुपयांनी. सरकारनं कारखान्यांसाठी ठरवलेला साखरेचा किमान विक्रीदर तेव्हा २०१९ पासून एकतीस रुपये होता. मी तोही सांगून पाहिला. मालक म्हणाले, “दुकानात मिळती का एकतीसनं?” बरोबर होतं. मी काट्याचा सगळा हिशेब सांगितला, बहात्तर आणि अठ्ठावीस. मालकांनी शांतपणे ऐकला. म्हणाले, “आसंल. पर वाटंत इकली न्हाईत कशावरनं?” रेघा दाखवाव्यात तर त्या पावसानं केव्हाच धुतल्या होत्या. मामा तिथंच उभे होते. चपलेनं माती उकरत होते. “कर सही” म्हणणारा माणूस. दोन हजार त्यांचे, दोन हजार माझे, असं तरी व्हायला हवं होतं. पण सही कुणाची? माझी.

संध्याकाळी अड्ड्यावर मामांनी चहा पाजला आणि हजार रुपये माझ्या खिशात कोंबले. “उतारांचं वाचल्यालं हाय. ठेव.”

मी ठेवले. कात्रजच्या उतारावर डॅशबोर्ड धरून ज्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याच उताराचे पैसे. घरी तीन हजार कापले म्हणून सांगितलं. ही म्हणाली, “तरी बरं.”

नंतर मी बरीच माहिती काढली. हमालांना आपल्याकडं १९६९ पासून माथाडी कायदा आहे, आणि तो त्यांनी लढून मिळवला. ड्रायव्हरला त्याच्याही आधीचा, १९६१ चा, मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. अड्ड्यावर हे वाचून दाखवलं तर लोक पोट धरून हसले. पाच किंवा जास्त कामगार असले तर तो लागू व्हायचा. आमच्या मालकांच्या गाड्या बायकोच्या, मेव्हण्याच्या, भावाच्या नावावर. कुणाकडंच पाच भरत नव्हते. मोजणी ही अशी असते. त्यांची नेहमी जुळते.

मग मी ठरवलं, आपलीही जुळवायची. आता रिकाम्या काट्याला मी गाडीत बसतो किंवा दोन्ही वेळा उतरतो. फाळक्यावर खडू वापरत नाही, वहीत लिहितो आणि फोटो काढतो. आकडा जुळत नसेल तर सही करत नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवो. नव्या पोरांनाही हेच सांगतो. दोन वर्षांत एक पोतं माझ्या नावावर पडलं नाही. आता वाटतं, क्लार्कलाही कुणीतरी ‘सही कुणाची’ म्हणून विचारत असेल. त्याचे पोत्याचे पैसे कुठून कापत असतील? मग वाटतं, मरू दे, तो हसला होता.

या मार्चमध्ये दुसऱ्या एका कारखान्यात गाडी भरत होतो. माझ्या वहीत चारशे नव्याण्णव. क्लार्क म्हणाला पाचशे. मी म्हणालो, मागच्या रांगा उतरवा, वाराई मी देतो. क्लार्क वैतागला, पण उतरवल्या. दुपारचं ऊन, पत्र्याची शेड. हमालांत एक म्हातारा होता, साठीचा तरी असेल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ऐंशी-नव्वद पोती उतरली, परत चढली. मोजली. पाचशे होती. चूक माझी होती.

म्हाताऱ्यानं शेवटचं पोतं टाकलं, टॉवेल सोडून तोंड पुसलं आणि मला विचारलं, “आता बराबर हाय न्हवं, मालक?”

चेष्टा नव्हती. तो सगळ्यांनाच मालक म्हणत असेल. मी वाराईचे पैसे दिले, वर शंभर त्याच्या हातात ठेवले. त्यानं मोजले नाहीत, घडी करून बंडीच्या खिशात घातले.

मग टेबलाशी जाऊन मी सही केली. खालची रेघ ओढायचं राहून गेलं.